परसातील सावली : शहरी घरासाठी बैठकीची छोटी बाग

बुलढाणा, खामगाव, चिखली, मलकापूर, मेहकर या शहरांच्या कडेने नव्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. मुलांच्या शिक्षणाकरिता अथवा नोकरीनिमित्त शेतीचे गाव सोडून आलेली कुटुंबे त्यांत पुष्कळ आहेत. घर बांधून झाल्यावर मागच्या बाजूस पंधरा फूट रुंद व वीस फूट लांब असा एखादा तुकडा शिल्लक राहतो. काही दिवस तेथे बांधकामाचा राडारोडा पडून असतो. पुढे त्यावर सिमेंटचा थर टाकला जातो आणि ती जागा कपडे वाळविण्यापुरती उरते. ज्यांनी खेड्यात निंबाखाली बाज टाकून उन्हाळे काढले, त्यांना येथे वैशाखाची दुपार बंद खोलीत कूलरसमोर काढावी लागते. पाहुणे आले तर त्यांचीही सोय त्याच खोलीत.

हा तीनशे चौरस फुटांचा तुकडा मे महिन्यातील सायंकाळी पाच वाजता आठ-दहा माणसांना सुखाने बसता येईल असा करता येतो काय, आणि तोही घरात प्रत्यक्ष उपलब्ध असलेल्या पाण्यावर, असा प्रश्न आमच्याकडे नेहमी विचारला जातो. करता येतो. मात्र त्यासाठी विचाराचा नेहमीचा क्रम बदलला पाहिजे. बहुतेक लोक प्रथम हिरवळ आणि फुलझाडे लावतात व सावली पुढे केव्हातरी होईल अशा भरवशावर राहतात. आपल्या जिल्ह्यात प्रथम सावली, नंतर पायाखालची जमीन, मग पाणी आणि सर्वांत शेवटी फुले, असा क्रम धरावा लागतो.

हिरवळीचा मोह

शेगाव येथे श्री गजानन महाराज संस्थानाने उभारलेले आनंदसागर उद्यान जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांनी पाहिले. विस्तीर्ण हिरवळ, कारंजी आणि पाण्याचा साठा यांचे चित्र मनात घेऊन लोक घरी परतले व तसेच काही आपल्या परसात असावे असे त्यांना वाटू लागले. मोठ्या संस्थेने मोठ्या जागेत केलेली गोष्ट लहान प्रमाणात आणताना तिचा आकार तेवढा लहान होतो, पाण्याची भूक मात्र प्रत्येक चौरस फुटास तेवढीच राहते.

याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. विदर्भातील मे महिन्याच्या कोरड्या हवेत हिरवळ टवटवीत ठेवावयाची तर दिवसाकाठी सहा ते आठ मिलिमीटर पाणी द्यावे लागते. वीस चौरस मीटरांची, म्हणजे सुमारे दोनशे पंधरा चौरस फुटांची हिरवळ दररोज १२० ते १६० लिटर पाणी पिते. भुयारी गटारांची व्यवस्था असलेल्या शहरांकरिता पाणीपुरवठ्याच्या केंद्रीय नियमपुस्तिकेत दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले आहे. म्हणजे हिरवळ हा घरातील आणखी एक माणूसच होय, आणि तोही पूर्ण वाट्याचा. बुलढाणा शहराची तहान पैनगंगेवरील येळगाव धरणावर अवलंबून आहे. खामगावास ज्ञानगंगेचे पाणी मिळते. ज्या शहरांत उन्हाळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेथे असा पाहुणा कायमचा घरी आणून ठेवणे शहाणपणाचे नाही. शिवाय हरळीस भरपूर ऊन लागते. सावली झाली की ती विरळ होऊन मरते. सावली आणि हिरवळ यांपैकी एकच निवडता येते, आणि निवड कोणती करावी हे आपल्याकडचे ऊनच सांगते.

ऊन कोठून येते

बागेचा आराखडा कागदावर काढण्यापूर्वी एक दिवस जागेवर घालवावा. सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन आणि पाच या वेळी सावली कोठे पडते, तेथे खडूने अथवा चुन्याने रेघ ओढून ठेवावी. हे काम मे महिन्यात केल्यास उत्तम, कारण बाग त्याच महिन्यासाठी करावयाची आहे.

आपला जिल्हा सुमारे साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या भिंतीची सावली जवळजवळ नाहीशी होते. त्या वेळी भिंतीचा किंवा कुंपणाचा उपयोग नाही. माथ्यावर छप्पर, मांडव किंवा झाड असेल तरच निभाव लागतो. डिसेंबरात याच्या उलट स्थिती असते. मध्यान्ही सूर्य दक्षिणेकडे इतका कलतो की दहा फूट भिंतीची सावली उत्तरेस जवळजवळ दहा फूट पडते. घराच्या उत्तरेकडील परस हिवाळ्यात म्हणूनच थंड व ओलसर राहतो.

परस पूर्वेस असेल तर घरमालकाने स्वतःस भाग्यवान समजावे. बारा फूट उंचीच्या एकमजली घराची सावली मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास पूर्वेकडे चौदा-पंधरा फूट लांब पडते, म्हणजे पंधरा फुटांचा परस घरच झाकून टाकते. येथे सकाळचे व माथ्यावरचे ऊन अडविले की पुरे. परस पश्चिमेस असेल तर मात्र सारा जोर लावावा लागतो. तीन ते सहापर्यंतचे तिरपे ऊन मांडवाच्या खालून आत शिरते. ते वरून अडवता येत नाही, कडेनेच अडवावे लागते. त्यातच घराची पश्चिमेची भिंत दिवसभर तापते व रात्री आठपर्यंत उष्णता बाहेर टाकत राहते. अशा भिंतीपासून अर्धा फूट अंतर सोडून तारांची चौकट उभारावी आणि तिच्यावर वेल चढवावा. वेल थेट भिंतीला चिकटवू नये. मधल्या पोकळीतून हवा खेळली पाहिजे.

घाटावर आणि घाटाखाली फरक आहे हेही ध्यानात ठेवावे. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही पूर्णेच्या खोऱ्यातील गावे त्याहून बरीच खाली आहेत आणि उन्हाळ्यात तेथे पारा सरासरी दोन-तीन अंश अधिक चढतो. घाटावर ज्या मांडवाखाली दुपारी दोनला बसता येते, त्याच मांडवाखाली घाटाखाली पाचची वाट पाहावी लागेल.

काळी जमीन, भिंत आणि झाड

या विषयावर थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण शहरात घराजवळची जुनी झाडे बहुधा याच कारणास्तव तोडली जातात.

भारी काळी जमीन पाण्याने फुगते आणि वाळली की आक्रसते, हे प्रत्येक कास्तकारास ठाऊक आहे. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगांत हात जातो. हीच क्रिया घराच्या पायाखाली चालते. सगळा पाया सारखा ओला किंवा सारखा कोरडा राहिला तर घरास विशेष इजा होत नाही. एक बाजू ओली व दुसरी कोरडी राहिली की पाया वाकडा उचलला जातो आणि भिंतीस तिरपी भेग पडते.

घाटाखालील एका शहरात एका कुटुंबाने भेगा पडलेली भिंत दाखविण्याकरिता बोलाविले होते. परसात जुना कडुनिंब होता. गवंड्याने दोष निंबाच्या मुळांवर ठेवला होता व झाड तोडण्याचे जवळजवळ ठरले होते. घरातील वृद्ध आजी ओट्यावर बसून होत्या. त्या म्हणाल्या, “सायेब, हा लिम तोडा म्हनू नका. माहे सारे लेकरं याच्याच साऊलीत वाढले.” पाहणी केली तेव्हा झाड भिंतीपासून वीस फुटांवर असल्याचे आढळले. भेग होती ती मात्र दुसऱ्याच कोपऱ्यात. तेथे भिंतीला लागूनच गुलाबाचा वाफा केलेला होता, त्यास रोज नळीने पाणी दिले जात होते, आणि वरच्या टाकीच्या गळतीचे पाणीही त्यातच उतरत होते. एक कोपरा बारा महिने ओला, बाकीचा पाया कोरडा. वाफा काढून टाकण्यास, गळती बंद करण्यास आणि जोत्याभोवती तीन फूट रुंदीचा उताराचा कोबा करण्यास सांगितले. “आजी, झाड राहील,” एवढेच त्या माउलीस सांगावयाचे होते.

यावरून झाड सर्वस्वी निर्दोष असते असे मात्र समजू नये. मोठे झाड कोरड्या दिवसांत जमिनीतील ओल ओढून घेते व त्या बाजूची काळी माती अधिक आक्रसते. म्हणूनच नवे झाड लावताना अंतर पाळावयाचे. पण जुने झाड एकदम तोडल्याने दुसरेच संकट उद्भवते, हे फार थोड्यांना माहीत असते. वर्षानुवर्षे त्या झाडाने कोरडी ठेवलेली माती झाड गेल्यावर पुन्हा पाणी धरते, फुगते आणि पाया वर उचलते. तोडीनंतर दोन-तीन पावसाळ्यांनी नव्या भेगा दिसू लागतात, तेव्हा दोष द्यावयास झाडही उरलेले नसते.

शहरी हद्दीत झाड तोडणे ही घरमालकाच्या केवळ मर्जीची बाबही नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये आपल्या स्वतःच्या आवारातील झाड तोडण्यासही पूर्वपरवानगी लागते. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांस प्राचीन वृक्ष म्हणून विशेष संरक्षण दिले आहे. ज्यांच्या परसात असा निंब उभा आहे, त्यांनी बागेचे निम्मे काम आजोबांनी करून ठेवले आहे असे समजावे. कडुनिंब माघ-फाल्गुनात पाने गाळतो आणि चैत्रात पुन्हा भरतो. उन्हे तापतात नेमक्या त्याच वेळी त्याची सावली दाट होते. खालच्या फांद्या आठ-नऊ फुटांपर्यंत हिवाळ्यात छाटून घ्याव्यात, म्हणजे खालून वारा वाहतो आणि माणूस ताठ उभा राहू शकतो.

नवे झाड कोणते लावावे

पंधरा बाय वीस फुटांच्या तुकड्यात निंब, करंज, पिंपळ, वड किंवा उंबर नव्याने लावू नयेत. ही झाडे थोर आहेत, पण त्यांची जागा रस्त्याच्या कडेला, देवळापाशी, शाळेच्या मैदानात. गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ असून वादळात मोडतात. वाढ झपाट्याने होते म्हणून अलीकडे कोनोकार्पस नावाचे परदेशी झाड रोपवाटिकांत विकले जात असे. गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीस बंदी केली. तेही टाळावे.

लहान परसात एकच झाड लावावे, आणि आमची पसंती बकुळीला आहे. ती बारमाही हिरवी राहते, सावली गर्द देते, छाटणी सहन करते आणि पहाटे अंगणात पडणाऱ्या तिच्या फुलांचा वास वाळल्यावरही टिकतो. वाढ मंद असते, हा तिचा दोष सांगितला जातो. घराच्या पायाचा विचार करता तो गुणच होय. भिंतीपासून दहा-बारा फूट अंतर ठेवून, शक्यतो पश्चिमेच्या कडेस तिचे रोप लावावे व दरवर्षी छाटून तिला पंधरा फुटांच्या आत राखावे. पांढरा चाफाही चांगला. तो हिवाळ्यात निष्पर्ण होतो व बसणाऱ्यांस ऊन मिळू देतो. पाणी अगदी थोडे लागते. पारिजातक पुष्कळांना हवा असतो. तो लावावा, परंतु बैठकीवर नव्हे. उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत तो पाने टाकतो आणि सावलीची गरज असते तेव्हाच उघडा पडतो. दारापाशी लावल्यास श्रावणापासून सडा घालण्याचे काम तो स्वतःच करतो.

खड्डा तीन फूट लांब, रुंद व खोल असा एप्रिल-मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावा. काळ्या जमिनीत खड्डा पावसाळ्यात रांजणासारखा भरतो व मुळे कुजतात, म्हणून तळाशी विटांचे तुकडे घालावेत, मातीत एक तृतीयांश मुरूम किंवा भरड वाळू आणि भरपूर कुजलेले शेणखत मिसळावे, सोबत एक किलो निंबोळी पेंड टाकावी. रोप आजूबाजूच्या जमिनीहून थोडे उंच बसवावे. पहिला चांगला पाऊस होऊन जमीन ओलावली की लागवड करावी.

मांडव

झाड सावली देईपर्यंत पाच-सहा वर्षे जातात. तोपर्यंत आणि त्यानंतरही छोट्या बागेचा खरा आधार मांडवच. दहा फूट बाय बारा फूट मापाचा व आठ फूट उंचीचा मांडव पुरेसा होतो. दोन इंची लोखंडी नळ्यांचे चार खांब रोवावेत. काळ्या मातीत ते मुरमापर्यंत किंवा निदान तीन फूट खोल न्यावेत, नाहीतर दोन पावसाळ्यांत खांब कलतात. वर एक-एक फुटावर जाड तारा ओढाव्यात.

वेलांत मधुमालतीसारखा कणखर वेल नाही. दोन रोपे पश्चिमेच्या खांबांपाशी लावली की दुसऱ्या वर्षी अर्धा व तिसऱ्या वर्षी पूर्ण मांडव झाकला जातो. फुले सायंकाळी पांढरी उमलतात आणि पुढे गुलाबी व लाल होत जातात, वासही पाहुणे येण्याच्या वेळेसच सुटतो. डिसेंबरात हा वेल चांगला छाटावा. थंडीचे ऊन आत येते, आणि नवीन फुटव्यांवर उन्हाळ्यात पुन्हा बहर येतो. पूर्वेच्या बाजूस जाई किंवा जुई चढवावी.

वेल भरेपर्यंत काय करावे? बाजारात हिरवी शेडनेट जाळी मिळते. निम्मे ऊन अडविणारी घ्यावी. ज्यांचे शेत आहे त्यांनी तीही आणू नये. तुराट्यांचे ताटवे तारांवर पसरावेत. आपल्याकडे लग्नाच्या मांडवापासून गोठ्यापर्यंत हेच छप्पर चालत आले आहे, आणि त्याखालील हवा जाळीखालच्या हवेपेक्षा थंड राहते असा अनुभव आहे. पश्चिमेच्या उघड्या बाजूस वाळ्याचा पडदा सोडून दुपारी त्यावर पाणी शिंपडावे. आपली उन्हाळी हवा कोरडी असल्याने पाण्याची वाफ लवकर होते आणि आत येणारा वारा गार होतो. कूलर चालतो तो याच तत्त्वावर. सिंदखेड राजा येथील पुतळा बारव उन्हाच्या वेळी ज्यांनी उतरून पाहिली असेल, त्यांना दगड, सावली आणि पाणी एकत्र आल्यावर काय होते हे निराळे सांगावयास नको.

पायाखालची जमीन व बैठक

मांडवाखाली सिमेंटचा अखंड थर देऊ नये. तो तापतो, पाणी मुरू देत नाही, आणि खालची काळी माती फुगली की तडकतो. एक ते दीड फूट काळी माती काढून त्या जागी मुरूम भरावा, पाणी मारून धुमसाने ठोकावा, त्यावर दोन इंच वाळू पसरावी आणि शहाबादी फरशा अर्ध्या-पाऊण इंचाचे सांधे मोकळे ठेवून बसवाव्यात. सांध्यांत वाळूच भरावी. उतार घरापासून बाहेर, दहा फुटांस दोन इंच इतका असावा. निघालेली काळी माती फेकू नये. शेणखत व वाळू मिसळून ती वाफ्यांस उपयोगी पडते.

बसण्याकरिता दोन बाजूंनी दीड फूट उंच व दीड फूट रुंद असा ओटा बांधावा. दहा फूट लांबीच्या दोन ओट्यांवर आठ-दहा माणसे बसतात. खुर्च्यांची अडचण होत नाही आणि मध्ये सतरंजी टाकण्यास जागा राहते. हळदीकुंकू, भजन, मुलांचा वाढदिवस, लग्नाची बोलणी ही सर्व कार्ये या मापात पार पडतात. ज्यांना झोपाळा हवा त्यांनी त्याचे वजन मांडवाच्या नळ्यांवर देऊ नये. त्यासाठी वेगळी चौकट उभारावी.

वऱ्हाडातील पाहुणचार रोडग्यांवाचून पुरा होत नाही. गोवऱ्यांच्या विस्तवाची जागा आधीच ठरवून ठेवावी. उन्हाळ्यात व पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो, म्हणून आगटी पूर्वेच्या कोपऱ्यात, झाडाच्या घेराबाहेर व मांडवापासून दूर करावी. फांदीखाली विस्तव पेटविल्याने पाने करपतात. तुराट्यांच्या छपराजवळ तर ठिणगीचाही भरवसा धरू नये. वांग्याचे भरीत मात्र तेथे भाजावे. घरातील गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही, हे लिहिल्याबद्दल वाचक रागावणार नाहीत.

पाणी

वरील बागेस मे महिन्यात रोज किती पाणी लागेल? लहान बकुळीस सरासरी दहा लिटर, दोन-तीन वेलांस मिळून बारा-पंधरा लिटर, सावलीतील तीन चौरस मीटर वाफ्यास बारा लिटर, आठ कुंड्यांस आठ लिटर. एकूण चाळीस-पंचेचाळीस लिटर. हिरवळीच्या एक तृतीयांशाहूनही थोडे, आणि एवढे पाणी चार माणसांच्या घरात भाजी-तांदूळ धुण्याचे व स्नानाचे मिळून सहज निघते.

मोरीच्या तोंडाशी आळू लावण्याची आपल्या घरांतील रीत जुनी आहे, आणि ती शास्त्रशुद्धही आहे. दोन फूट लांब-रुंद व तितकाच खोल खड्डा करून त्यात खाली गिट्टी, मध्ये विटांचे तुकडे व वर वाळू असा गाळा करावा. त्यातून उतरलेले पाणी प्रथम कर्दळ व आळूच्या वाफ्यातून जाऊ द्यावे व उरलेले झाडाच्या आळ्यात सोडावे. वरची वाळू अधूनमधून धुवावी. कपडे धुण्याच्या साबणाचे पाणी यात घेऊ नये. त्यातील सोडियममुळे काळी जमीन चोपण होत जाते. अशा वाफ्यातील आळूची पाने नीट धुऊन व शिजवूनच खावीत.

छपराचे पाणीही वाया घालवू नये. पन्नास चौरस मीटरांच्या गच्चीवर पंचवीस मिलिमीटरांची एक चांगली सर पडली की हजार लिटरांची टाकी भरते. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडावे. जादा पाणी जमिनीत मुरविण्याचा खड्डा मात्र घराच्या पायापासून निदान दहा फुटांवर असावा. त्याचे कारण वर आलेच आहे.

झाडांच्या आळ्यांत दोन-तीन इंच जाडीचे आच्छादन ठेवावे. निंबाचा पाला उत्तम, सोयाबीनचे कुटार त्याहून सहज मिळते. मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरून ठेवल्यास बाहेरगावी गेलेल्या कुटुंबाची झाडे चार-सहा दिवस तग धरतात. मडक्यावर झाकणी हवीच. डेंग्यू पसरविणारा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्या, पक्ष्यांचे पाण्याचे भांडे व टाकी यांची दर आठवड्यास कोरडी सफाई करावी. शोभेचे कुंड करावयाचेच असेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत.

पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातील वाचकांना स्वतंत्र सूचना आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा व मलकापूर या तालुक्यांच्या खोऱ्याकडील भागात बोअरचे पाणी खारे असते. पानांची टोके व कडा करपू लागल्या की पाणी कमी पडले असे समजून आणखी तेच पाणी दिले जाते आणि झाड लवकर मरते. अशा ठिकाणी माती व पाणी तपासून घ्यावे. जमीन चोपण निघाल्यास अहवालातील शिफारशीप्रमाणे जिप्सम द्यावे, पावसाचे पाणी साठवून तेच नाजूक झाडांस राखावे, आणि लिंबू-गुलाबाचा आग्रह सोडून मेंदी, कोरफड, बोगनवेल अशा सोशिक झाडांकडे वळावे.

सावलीतील लावणी

आधुनिक बाग म्हणजे महाग बाग नव्हे. जाती थोड्या व प्रत्येकीची रोपे पुष्कळ, एवढे पाळले तरी जागा नीटनेटकी व मोठी दिसते. पन्नास कुंड्यांत पन्नास जाती ठेवल्यास ती रोपवाटिका होते. मांडवाखालच्या अर्धसावलीत अबोली, हळद आणि आळू ही तीनच लावली तरी शोभा येते. हळदीची रुंद पाने पावसाळाभर राहतात, हिवाळ्यात पिकून वाळतात व घरची हळद मिळते. कुंपणास अडुळसा लावावा. तो सावली सोसतो. निंब असेल तर त्यावर गुळवेल चढवावी. कढीपत्ता स्वयंपाकघराच्या दाराशी असावा. मोगऱ्यास मात्र चार-पाच तासांचे ऊन हवे, म्हणून तो मांडवाच्या बाहेर, सकाळचे ऊन येते त्या कडेस लावावा. सावलीत तो पाने वाढवितो आणि कळी धरीत नाही.

रातराणीमुळे साप येतो म्हणून ती लावू देत नाहीत. साप वासाने येत नाही. उंदरांमागे येतो, आणि उंदीर राडारोड्यात राहतात. विटांचा ढीग हलवावा आणि रातराणी खुशाल लावावी, मात्र खिडकीपासून दूर, कारण तिचा उग्र वास काहींना सोसवत नाही. दिवा बैठकीच्या माथ्यावर लावू नये. पावसाळ्यात पाखरे ताटात पडतात. मंद पिवळा दिवा दहा फूट अंतरावर ठेवावा.

रोपे कृषी विज्ञान केंद्र, वन खाते व सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत किंवा अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात चौकशी करून घ्यावीत. उंच, सडपातळ रोप घेण्यापेक्षा दोन-तीन फुटांचे, जाड बुंध्याचे घ्यावे. पिशवीच्या तळाशी मुळ्यांचे वेटोळे झालेले रोप स्वस्त मिळाले तरी नाकारावे. ते जमिनीत गेल्यावरही मुळ्या गोलच फिरवीत राहते आणि दोन-तीन वर्षांनी जोराच्या वाऱ्यात आडवे पडते.